बायको शिकलेली नसली तरी

मी बारावी पास आहे. हे पहिल्याच दमात सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात एवढी एक गोष्ट सोडून बाकी सगळं लोकांनी विचारलं. अमळनेरच्या कॉलेजात रोज एसटीनं जाऊन-येऊन मी बारावी केली आणि इंग्रजीत वर्गातल्या सगळ्या पोरांच्या वर मार्क पाडले. पुढंही शिकायचं होतं. तेवढ्यात घरी पाहुणे आले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी, आणि माझी मावशी त्यांना सांगतेय, "पोरगी शिकलेली आहे, पण उलटून बोलत नाही."

म्हणजे माझं शिक्षण हा डाग, आणि त्याच्यावर मावशीनं 'पण'चं ठिगळ लावलं. सावळी असते तर 'पण नाकीडोळी नीटस' लागलं असतं. मला हे लागलं. पाहुण्यांना ठिगळ पसंत पडलं आणि मी लग्न होऊन सिल्वासाला आले.

नवऱ्याचं नाव वाल्मिक. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण ही गोष्ट सांगताना मी त्याला 'हे' म्हणणार नाही. तेवढा राग अजून शिल्लक आहे. तो जवळच्या सायली गावात सुताच्या कंपनीत मशीनवर होता. माणूस वाईट नाही. पगार आणून हातात द्यायचा, पावलापावलावर दारूची दुकानं असलेल्या गावात राहून कधी तिकडे वळला नाही, आणि चंदा झाली तेव्हा मुलगी झाली म्हणून तोंड पाडून बसला नाही. आम्ही सिल्वासातल्याच आमली भागात एका रांगेतल्या खोल्यांत राहायचो. मालक गुजराती, भाडेकरू बहुतेक आपले खानदेशचे, चोपडा-शिरपूर-पारोळ्याकडचे. घरात अहिराणी, मालकाशी गुजराती, कंपनीत हिंदी, आणि मुंबई-पुण्याहून आलेल्या साहेबापुढे गप्प, अशी आमच्या माणसांची भाषा.

चंदाला पाचवं वर्ष लागलं ते साल चौऱ्याण्णव. रांगेतल्या प्रत्येकाच्या डोक्यात तेव्हा इंग्लिश मीडियमचं खूळ शिरलं होतं. खूळ म्हणते खरी, पण सगळ्यांत जास्त ते माझ्याच डोक्यात होतं. मराठी शाळा घराजवळ होती, चांगली होती. तरी मला वाटायचं की माझं इंग्रजी जिथं अडकलं तिथून चंदाचं सुरू व्हावं. मी तिला पाटीवर ए-बी-सी-डी शिकवून ठेवली होती. रंग, प्राणी, दिवसांची नावं, सगळं तिला यायचं. भाजी निवडता निवडता मी शिकवायची आणि ती देठ मोजत इंग्रजी आकडे म्हणायची.

पण गावातल्या त्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत मुलाला कुणी काही विचारायचंच नाही. शाळेचं नाव मी घेणार नाही, फुकट जाहिरात कशाला. तिथला नियम असा की मुलाला घालायचं तर आई-बापाची मुलाखत, आणि ती इंग्रजीत. आईबाप असं नुसतं म्हणायला. बोलायचं बापानं, आईनं पोराचा हात धरून उभं राहायचं. साहेबलोकांच्या मुलांना काही अडचण नव्हती. त्यांचे बाप इंग्रजीत सहज चार गोष्टी बोलून बाहेर यायचे. अडायचं आमचं. आदल्या वर्षी शेजारचा भिका आपल्या विकीला घेऊन गेला होता. प्रत्येक प्रश्नाला तो 'येस सर' म्हणाला. मुलं किती आहेत, असं विचारलं तेव्हाही 'येस सर' म्हणाला. विकीला घेतलं नाही, आणि ते पोर वर्षभर रांगेत गोट्या खेळत राहिलं.

तेव्हापासून भगवंत सरांच्या क्लासला गर्दी वाढली. हे भगवंत सर आधी एका कंपनीत टाइमकीपर होते. ती कंपनी बंद पडल्यावर त्यांनी आमलीतल्या पिठाच्या गिरणीवरची खोली घेतली आणि इंग्लिश स्पीकिंगचा क्लास काढला. खाली गिरणी सुरू झाली की वरचा फळा थरथरायचा. क्लास पाळी सुटल्यावर, त्यामुळे फक्त पुरुषांचा. वाल्मिक घरी येऊन सगळं मला सांगायचा, म्हणून तिथं काय शिकवायचे ते मला बसल्या जागी कळायचं.

सरांचं म्हणणं असं की कामगाराचं इंग्रजी तुटक असतं आणि साहेबाचं जोडलेलं. मशीन बंद. साहेब आला. मी गेलो. असे तुकडे ऐकले की समोरचा ओळखतो, हा मशीनवरचा माणूस. त्यांनी क्लासमध्ये सायकलची एक जुनी चेन आणली होती, तेलकट. सुट्या कड्या खिशात घालून सायकल चालते का, असं विचारायचे. मग फळ्यावर अँड, बट, बिकॉज, ऑलदो, देअरफोर असे शब्द लिहून म्हणायचे, ह्या पिना. दोन वाक्यं घ्या, मध्ये पिन मारा, झाले तुम्ही साहेब. शिकवणं वाईट नव्हतं. मी कॉलेजात हेच शिकले होते, फक्त चेन नव्हती.

पण मुलाखत जवळ आली तशी सरांनी पिना मारायचं शिकवणं बंद केलं आणि तयार चेनच हातात दिली. सगळ्या बापांसाठी त्यांनी एकच लांबलचक वाक्य बसवलं. "ऑलदो माय वाइफ इज नॉट एज्युकेटेड, शी इज अ डिव्होटेड मदर, देअरफोर अवर चाइल्ड विल नॉट सफर." म्हणजे माझी बायको शिकलेली नसली तरी ती जीव लावणारी आई आहे, त्यामुळे आमच्या मुलाचं काही अडणार नाही. शाळेत हमखास विचारतात की घरी अभ्यास कोण घेणार, तेव्हा हे म्हणायचं. आपलं उणं आपणच आधी सांगून टाकायचं, वर 'ऑलदो'चं झाकण घालायचं, मग समोरच्याला बोलायला जागा राहत नाही, असा सरांचा हिशेब.

वाल्मिकनं ते वाक्य घरी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी भाकरी थापत होते. माझी भाकरी तव्यावर पडायची ती स्टोव्हपाशी पडली. मी म्हटलं, हे काय शिकून आलात? तर तो म्हणतो, मध्ये बोलू नकोस, पूर्ण म्हणू दे, नाहीतर तुटतं. त्यानं परत पहिल्यापासून म्हटलं.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी त्याला अर्थ सांगितला. तो म्हणाला, अर्थ माहीत आहे. सरांनी सांगितलाय. मग मी विचारलं, मी शिकलेली नाही? तर म्हणतो, आहेस, पण वाक्य तसं आहे. जणू वाक्य वरून पडलं होतं. मी 'नॉट' काढून नीट वाक्य करून देते म्हटलं, तर म्हणाला की सरांनी बजावलंय, एक कडी हलवली तर अख्खी चेन उतरते. त्याचं खरं कारण मला कळत होतं. त्याला ते वाक्य येत नव्हतंच. त्याला त्याचा आवाज पाठ होता. आरती पाठ असते तसा. मधला शब्द बदलला की त्याची गाडी पुढं जाणार नव्हती.

पुढचे दोन महिने ते वाक्य आमच्या घरात राहायला आलं. दाढी करताना ऑलदो, स्टोव्हला पंप मारताना ऑलदो, सायकल पुसताना ऑलदो. मी शिकलेली नाही, मी शिकलेली नाही, असं माझा नवरा सकाळ-संध्याकाळ भिंतीला सांगत होता आणि ज्या बाईनं त्याला 'डिव्होटेड'चा उच्चार दुरुस्त करून दिला ती मीच होते. हो, दिला. रागात का असेना, चुकीचं इंग्रजी माझ्यानं ऐकवत नाही.

रांगेतल्या सगळ्याच घरांतून तो आवाज यायचा. भिकाची बायको चिमाबाई, तिला सहीसुद्धा येत नव्हती, आणि त्याची तिला लाजही नव्हती. नळावर एकदा मी तिला त्या वाक्याचा अर्थ सांगितला. ती भांडं घासायचं थांबली. मग म्हणाली, "मी अडाणी शे, ते खरं. पन हाई सांगाले इंग्रजी कसाले लागस?" हे सांगायला इंग्रजी कशाला लागतं, एवढंच विचारून ती पुन्हा घासायला लागली. माझ्या अख्ख्या रागात नव्हतं ते तिच्या एका प्रश्नात होतं.

शेवटी मी स्वतः क्लासला गेले. पाळी सुटायच्या आधी, सर एकटे असताना. मी बारावी आहे, मी मुलीचा अभ्यास घेते, निदान आमच्यापुरतं वाक्य बदला, असं सांगितलं. सर नम्र माणूस. मला खुर्ची दिली, गिरणीवाल्याकडून पाणी मागवलं, आणि शांतपणे म्हणाले, "वहिनी, तुम्ही शिकलेल्या निघालात तर पुढचे प्रश्न तुम्हाला विचारतील. तुम्ही अडखळलात तर पोरीची सीट जाईल. झाकली मूठ राहू द्या."

माझी मूठ, आणि झाकायची ह्यांनी. मी म्हटलं, मी नाही अडखळणार. ते हसले आणि म्हणाले, वाल्मिकरावांनाही स्वतःबद्दल तसंच वाटतं.  पाणी न पिता मी जिना उतरले. एक गोष्ट मात्र डोक्यात घुसली. खरंच मी अडखळले तर? सहा वर्षांत मी इंग्रजी बोलले होते ते फक्त भाजी निवडताना, चार वर्षांच्या पोरीशी.

म्हणून मग मीही गुपचूप तयारी केली. भांडी घासताना मनातल्या मनात वाक्यं जोडायची. लग्नामुळे माझं शिक्षण थांबलं असलं तरी मी पुस्तकं सोडलेली नाहीत, कारण मुलीला शिकवायचं आहे, असं अगदी ऑलदो-बिकॉज लावून, सरांच्या चेनपेक्षा लांब. कुणी विचारलंच तर असावं म्हणून.

मुलाखतीच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात आमची रांगच्या रांग बसली होती. बापांचे शर्ट इस्त्रीचे, केस तेल लावून चापून बसवलेले, आणि सगळ्यांचे ओठ हलत होते. देवळात जप करायला बसावं तसे. बायका पोरांची नाकं पुसत होत्या. आतून दर थोड्या वेळानं तोच आवाज यायचा, ऑलदो माय वाइफ, आणि मग हसू. पहिल्यांदा मला वाटलं, दुसरं काहीतरी असेल. तिसऱ्या बापाच्या वेळी कळलं की वाक्य संपलं की ते हसतात. दारावरचा शिपाईसुद्धा आतल्या आवाजाबरोबर तोंडातल्या तोंडात म्हणत होता.

भिका, चिमाबाई आणि विकी आमच्या आधी आत गेले. भिकाचं वाक्य बाहेर स्वच्छ ऐकू आलं, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. मग हसू. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. "हसनात," तो वाल्मिकला म्हणाला. "खूश व्हयनात." हसले म्हणजे खूश झाले, असा त्याचा हिशेब. त्याच्या मागून चिमाबाई आली, खाली मान घालून. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण आपल्याकडे बघून हसलेलं कुणालाही कळतं.

आमची पाळी आली. टेबलामागे मोठे सर, बाजूला दोन बाई. टेबलापुढे एकच खुर्ची, ती बापाची. मी चंदाचा हात धरून उभी राहिले. वाल्मिकनं नाव सांगितलं, कंपनी सांगितली, बरं चाललं होतं. मग मोठ्या सरांनी विचारलं, घरी मुलीचा अभ्यास कोण घेणार? दोघी बाई आधीच एकमेकींकडे बघून ओठ दाबत होत्या. त्यांना पुढचं माहीत होतं.

"ऑलदो माय वाइफ," वाल्मिक म्हणाला, आणि का कुणास ठाऊक, त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

दोन महिने त्यानं ते भिंतीकडे बघून म्हटलं होतं. माझ्याकडे बघून कधीच नाही. तो थांबला. पुन्हा "ऑलदो माय वाइफ" म्हणाला आणि पुन्हा थांबला.   मला त्याची दया आली का? नाही आली. मला वाटलं, आता तरी तो खरं सांगेल. अर्धं वाक्य तोंडात धरून तो बसला होता आणि मी वाट बघत होते.

तेवढ्यात चंदानं वाक्य उचललं. "माय वाइफ इज नॉट एज्युकेटेड, शी इज अ डिव्होटेड मदर, देअरफोर अवर चाइल्ड विल नॉट सफर." एका दमात, खणखणीत, उच्चार माझे. दोन महिने घरात जे ऐकलं ते पोरीनं पाठ केलं होतं, आणि बाप अडला म्हणून मदत केली.

काय हसले म्हणता. मोठे सर टेबलावर हात आपटून हसले. एक बाई पदरानं डोळे पुसत होत्या. चार वर्षांची पोर म्हणते, माझी बायको शिकलेली नाही. सरांनी तिला पुन्हा म्हणायला लावलं. चंदा खूश, तिनं पुन्हा म्हटलं. मग शेजारच्या खोलीतून आणखी एका बाईंना बोलावून आणलं आणि तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. मदाऱ्याचं माकड काय वेगळं करतं? वाल्मिकही हसायला लागला, सुटल्यासारखा. मोठ्या सरांनी चंदाच्या गालाला हात लावला आणि म्हणाले, व्हेरी स्मार्ट, हिला घ्यायचं.

म्हणजे झालं होतं. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला ते पदरात पडलं होतं. मी गप्प बसले असते तर कुणाचं काहीच बिघडलं नसतं. मावशीनं तर माझ्या वतीनं सांगूनच ठेवलं होतं की ही उलटून बोलत नाही.

मी म्हटलं, "सर, आय ॲम ट्वेल्थ पास."

भिंतीजवळचं कपाट बोलावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वाल्मिककडे पाहून हिंदीत विचारलं, मग तुम्ही असं का म्हणत होतात? उत्तराची वाट न बघता सर मला म्हणाले की जाऊ द्या बाई, ॲडमिशन झालं आहे, आता कशाला. पण मी हलले नाही. माझ्या पोरीला ह्यांनी घेतलं ते तिला रंग येतात म्हणून नाही, आकडे येतात म्हणून नाही. तिनं आईची टिंगल करून दाखवली म्हणून घेतलं, आणि ती टिंगल आहे हे तिला माहीतसुद्धा नव्हतं. मी म्हटलं, मला एक प्रश्न विचारा.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, ठीक आहे, स्वतःबद्दल काही सांगा.

इतके दिवस घासलेलं, जोडलेलं माझं ते लांब वाक्य. त्यातला एक शब्द जिभेवर येईल तर शपथ.  मग जे आलं ते तुकड्यांत आलं. "माय नेम इज सरिता. आय पास्ड ट्वेल्थ. आय टीच माय डॉटर." आणि श्वास घेऊन म्हटलं, "माय हजबंड इज नॉट टेलिंग द ट्रुथ. यू आर लाफिंग."

एकही पिन नव्हती त्यात. पण कुणी हसलं नाही. मोठ्या सरांनी घंटी वाजवली आणि शिपायाला पुढच्यांना पाठवायला सांगितलं.

रस्त्यात वाल्मिक सायकल हातात धरून पुढे चालला, मी मागे. बऱ्याच अंतरानं तो म्हणाला, "सीट हातात आली होती. सगळ्यांसमोर मला खोटा पाडलंस." मी म्हटलं, मी पाडलं? तुम्ही उभे कधी होतात? त्यानं सायकल आणखी पुढं काढली.  आणि निकाल लागेपर्यंत मलाही धड घास गेला नाही, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. भगवंत सर जे म्हणाले होते तेच होऊन बसलं तर? माझ्या तोंडापायी पोरीचं वर्ष गेलं तर मी कुणाला तोंड दाखवणार होते? चंदा मात्र मजेत होती. रांगेत दारोदार जाऊन ती वाक्य म्हणून दाखवायची आणि बायका तिच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायच्या.

निकालाच्या दिवशी शिपायानं फाटकाशी उभं राहून नावं वाचली. चंदाचं नाव होतं. आमच्या रांगेतलं दुसरं एकही नव्हतं. भिका त्याला पुन्हा पुन्हा विचारत होता, विकीचं नीट बघितलं का. त्यानं तर अख्खं वाक्य बिनचूक म्हटलं होतं; वाल्मिक अडखळला तरी त्याच्या पोरीला घेतलं, हे कोडं त्याला सुटत नव्हतं. चिमाबाईनं विकीचा हात धरला आणि माझ्याजवळून जाताना म्हणाली, तुझ्या पोरीनं त्यांना हसवलं, माझा नुसता उभा राहिला. ती माझ्यावर रागावली नव्हती. रागावली असती तर बरं वाटलं असतं मला.

मला वाटलं होतं, निदान आता तरी त्या वाक्याचे दिवस भरले. एवढ्या बापांनी ते म्हटलं आणि एवढ्यांची पोरं बाहेर राहिली, तर आंधळ्यालाही दिसेल की वाक्यात काही राम नाही. पण आमच्या लोकांनी हिशेब उलटाच केला. ज्या एका पोरीला घेतलं तिनं वाक्य स्वतः म्हटलं होतं, म्हणजे वाक्य खरं, फक्त बापाऐवजी पोरानं म्हणायला हवं. भगवंत सर पेढे घेऊन आमच्या घरी आले. वाल्मिकच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पुढच्या वर्षीपासून पोरांनाही बॅचला बसवतो. वाल्मिकनं पेढा खाल्ला. तो कुठे अडखळला होता, हे एव्हाना तो विसरला होता. आम्ही बापलेकीनं मिळून म्हटलं, असं तो लोकांना सांगत होता. मी बोलले ते तर कुणाच्या हिशेबातच नव्हतं. माझं नावसुद्धा कुणी घेतलं नाही.

त्याच संध्याकाळी तो चंदाला क्लासला घेऊन गेला. सरांनी तिला टेबलावर उभं केलं, तिनं वाक्य म्हटलं, सगळ्या बापांनी टाळ्या वाजवल्या आणि तिला बिस्किटाचा पुडा दिला. पुडा छातीशी धरून ती घरी आली. मी ताटं वाढली. शेवेची भाजी होती, वाल्मिकला आवडते म्हणून केलेली नव्हती, घरात दुसरं काही नव्हतं म्हणून केली होती.

दोन घास खाऊन झाल्यावर चंदानं बापाला विचारलं की ते मी म्हणते त्याचा अर्थ काय. क्लासमध्ये एका काकानं तिला विचारलं होतं आणि तिला सांगता आला नव्हता.

वाल्मिकनं माझ्याकडे पाहिलं. घरात इंग्रजीचा अर्थ सांगायचं काम माझं. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा. तुम्हाला माहीत आहे ना."

तो भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, "मन्ही बायको..." आणि थांबला. चंदा त्याच्या तोंडाकडे बघत होती. "मन्ही बायको शिकेल नई शे," तो म्हणाला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं ते आपल्या भाषेत म्हटलं, आणि म्हटल्यावर स्वतःच ऐकलं. 

चंदाला हसू आलं. तिला वाटलं, बापानं चूक केली. "तुमनी बायको म्हंजे माय ना? माय ते शिकेल शे."

"हां," वाल्मिक म्हणाला.

मग ती हसायची थांबली. मग मला असं का म्हणायला लावलं, असं तिनं विचारलं. वाल्मिकनं पाण्याचा तांब्या उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मला सगळी कारणं येत होती, इंग्रजीत, मराठीत, अहिराणीत. त्याला मी त्यातलं एकही उसनं दिलं नाही.

"त्या लोकेसले आवडस म्हनीसन," तो शेवटी म्हणाला. त्या लोकांना आवडतं म्हणून.

चंदानं घास हातातच धरला होता. तिनं जरा विचार केला आणि विचारलं, "अन् तुम्हले?"

वाल्मिकची मान वर झाली नाही. मी चंदाच्या ताटात भाजी वाढली, तिला म्हटलं, थांब, पप्पा सांगतील. आणि पातेलं खाली ठेवून मीही त्याच्यासमोर बसून राहिले.